यादीत दादर कितवे?

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील धिम्या लोकलची स्थानके चर्चगेटपासून क्रमाने लिहून काढली, तर गोरेगावपर्यंतची यादी अशी होते : चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव. या यादीत दादर कितवे, असे एखाद्याला विचारले तर तो बोटांवर मोजून ‘नववे’ म्हणेल. हाच प्रश्न पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्थानके.इंडेक्स("दादर") असा विचारला, तर उत्तर ८ येते. (आज्ञा येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.) यादीतील घटकाचे स्थान शोधणे हे काम वरवर एका ओळीचे दिसते. परंतु मोजणी कोठून सुरू करायची, दोन गोष्टी एकसारख्या कधी मानायच्या आणि हवी ती वस्तू यादीत नसेलच तर काय सांगायचे, हे निर्णय त्या एका ओळीत भाषेच्या रचनाकारांनी आपल्या वतीने आधीच घेऊन ठेवलेले असतात, आणि ते ठाऊक नसले की चुका होतात.

मोजणीपासून सुरुवात करू. पायथन, सी, जावा, जावास्क्रिप्ट या भाषांत पहिल्या घटकाचा क्रमांक, म्हणजे इंडेक्स, शून्य असतो. आपल्या इमारतींत तळमजला सोडून त्याच्या वरच्याला पहिला मजला म्हणतात, तसाच हा हिशेब आहे : इंडेक्स हा आरंभापासूनचे अंतर सांगतो. सी भाषेत अशा यादीला अ‍ॅरे म्हणतात आणि अ‍ॅरेचे घटक मेमरीत एकाला एक लागून ठेवलेले असतात, त्यामुळे एखाद्या घटकाचा पत्ता काढताना अ‍ॅरेच्या आरंभाच्या पत्त्यात इंडेक्स गुणिले एका घटकाचा आकार एवढी भर घालावी लागते. पहिल्या घटकासाठी ही भर शून्य असते, म्हणून त्याचा इंडेक्सही शून्य. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या टिपणात याची बाजू वेगळ्या अंगाने मांडली होती. सलग आकड्यांचा पट्टा सांगताना आरंभ धरावा आणि शेवट सोडावा, म्हणजे दोहोंची वजाबाकी केली की घटकांची संख्या थेट मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या यादीत ८ पासून ११ पर्यंतचा तुकडा मागितला, तर पायथन दादर, माटुंगा रोड आणि माहीम ही तीन स्थानके देतो, ११ क्रमांकाचे वांद्रे वगळतो, आणि अकरातून आठ गेले तीन हा हिशेब जुळतो.

फोरट्रान, आर, मॅटलॅब, लुआ आणि जूलिया या भाषांत मात्र मोजणी रूढ अर्थाने एकापासून होते, आणि एक्सेलमधील मॅच हे फंक्शनही दादरसाठी ९ असेच उत्तर देते. दोहोंपैकी कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद मला निरर्थक वाटतो. एका पद्धतीतून मिळालेला आकडा दुसऱ्या पद्धतीत तसाच नेला की काय होते, हे मात्र पाहण्यासारखे आहे : एक्सेलमधून ९ हा आकडा उचलून पायथनमध्ये वापरला, तर दादरऐवजी माटुंगा रोड मिळते आणि कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही.

आता संगणक शोध कसा घेतो ते पाहू. इंडेक्स ही आज्ञा दिली की पायथन यादीच्या तोंडापासून एकेक घटक उचलतो, आपण दिलेल्या मूल्याशी ताडून पाहतो आणि पहिला जुळला की तेथेच थांबतो. दादरपर्यंत पोहोचायला अशा नऊ तुलना कराव्या लागतात. ‘पहिला जुळला की थांबतो’ हे शब्द वाचताना सहज निसटतात, आणि नवशिक्यांची सर्वांत मोठी फजिती त्यांच्यापाशीच होते. माझीही झाली होती. एका गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा हिशेब ठेवण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात सदस्यांची यादी होती आणि तिच्याच क्रमाने थकबाकीची दुसरी यादी होती. लूपमध्ये, म्हणजे तीच कृती प्रत्येक घटकासाठी पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांत, एकेक आडनाव घ्यायचे, इंडेक्सने त्याचे स्थान विचारायचे आणि त्या स्थानावरची थकबाकी छापायची, अशी माझी सोपी योजना होती. सदस्य समजा कदम, जोशी, पाटील, जोशी, शेख असे होते. प्रोग्रॅमला मिळालेली स्थाने ०, १, २, १, ४ अशी आली. तीन हा आकडा आलाच नाही, कारण दुसऱ्या जोशींची पाळी आली तेव्हाही इंडेक्सने पुन्हा तोंडापासून शोध घेतला आणि पहिल्या जोशींपाशी तो थांबला. परिणामी एका जोशींची थकबाकी दोन्ही जोशींच्या नावे छापली गेली, आणि ज्यांनी पैसे वेळेवर भरले होते ते कागद हातात घेऊन दारात उभे राहिले.

येथे दोष इंडेक्सचा नव्हता. लूपमध्ये आपण ज्या घटकापाशी उभे आहोत त्याचे स्थान आपल्याला मुळात ठाऊकच असते. ते पुन्हा शोधायला लावणे म्हणजे हातात धरलेल्या पुस्तकाचे पान अनुक्रमणिकेत शोधण्यासारखे आहे. पायथनमध्ये यासाठी एन्युमरेट आहे, जे प्रत्येक फेरीत स्थान आणि घटक अशी जोडी हाती देते. एखादे मूल्य जेथे जेथे आले असेल ती सर्व स्थाने हवी असतील तेव्हाही एन्युमरेटनेच यादीतून एकदा फिरून जुळणारी स्थाने गोळा करत जावे. इंडेक्सला शोध कोठून सुरू करायचा हेही सांगता येते, त्यामुळे पहिले स्थान १ मिळाल्यावर २ पासून पुढे शोधायला सांगितले की दुसऱ्या जोशींचे ३ हे स्थान मिळते. पण हा मार्ग लांबचा आहे.

वस्तू यादीत नसेल तर काय, या प्रश्नाला निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. प्रभादेवी स्थानकाचे नाव २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड असे होते. जुन्या सवयीने ते नाव शोधले तर पायथन व्हॅल्यू एरर देऊन थांबतो, आणि आपण ती त्रुटी हाताळली नसेल तर प्रोग्रॅम तेथेच कोसळतो. जावा आणि जावास्क्रिप्ट यांत इंडेक्सऑफ ही आज्ञा उणे एक हे मूल्य परत करते. रस्ट भाषेत स्थान एका वेष्टनात गुंडाळून येते आणि ते वेष्टन रिकामे आहे का, हे तपासल्याशिवाय आतला आकडा हाती लागत नाही.

पायथनचा कोसळण्याचा मार्ग पहिल्यांदा उद्धट वाटतो, पण त्याला सबळ कारण आहे. पायथनमध्ये उणे इंडेक्स वैध असतात आणि उणे एक म्हणजे यादीतील शेवटचा घटक. इंडेक्सने ‘सापडले नाही’ या अर्थी उणे एक दिले असते आणि आपण तेच स्थान पुढे वापरले असते, तर एल्फिन्स्टन रोड शोधणाऱ्याला निमूटपणे गोरेगावला उतरवले गेले असते. गंमत अशी की पायथनच्याच स्ट्रिंगवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर, फाइंड नावाची आज्ञा आहे आणि ती नेमके हेच करते, म्हणजे न सापडल्यास उणे एक देते. याद्यांवर ती आज्ञा नाही, हे बरेच झाले. जावास्क्रिप्टमधला सापळा वेगळा आहे. तेथे ‘जर (स्थान) असेल तर’ अशी अट लिहिणाऱ्याला वाटते की आपण ‘सापडले तर’ असे लिहिले आहे. परंतु जावास्क्रिप्ट शून्याला असत्य मानते आणि उणे एकाला सत्य, त्यामुळे यादीच्या तोंडाशी असलेले चर्चगेट ‘नाही’ ठरते आणि यादीत नसलेले एल्फिन्स्टन रोड ‘आहे’ ठरते. अट लिहायचीच तर मिळालेले स्थान उणे एकाशी स्पष्टपणे ताडून लिहावी, आणि केवळ आहे की नाही एवढेच हवे असेल तर इन्क्लूड्स वापरावे.

यापुढचा प्रश्न मला सर्वांत रोचक वाटतो : दोन गोष्टी एकसारख्या आहेत हे ठरवायचे कोणी? पायथनमध्ये सत्य हे मूल्य १ या आकड्याच्या बरोबरीचे असते, म्हणून ज्या यादीत आधी सत्य आणि मग १ आहे, तिच्यात १ चे स्थान विचारले तर शून्य हे उत्तर येते. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवताना बहुधा किंचित बदलतात, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून ती ०.३ असलेल्या यादीत शोधली तर सापडत नाही. तेथे बरोबरीऐवजी ‘फरक अमुकपेक्षा कमी’ अशी अट देऊन शोधावे लागते, ज्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये फाइंडइंडेक्स आहे आणि पायथनमध्ये एन्युमरेट व नेक्स्ट यांची जोडी जमवता येते.

मराठी मजकुराच्या बाबतीत तर बरोबरीचा हा प्रश्न दारातच उभा असतो. पुढचे दोन शब्द नीट पाहा : दुसऱ्या, दुसर्‍या. बहुतेक पडद्यांवर ते हुबेहूब सारखे दिसतील, आणि संगणकासाठी ते वेगळे आहेत. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना अशी युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, सात चिन्हे होतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह आहे, त्यामुळे एकूण आठ चिन्हे होतात. यादीत एक रूप असले आणि आपण दुसऱ्या कळफलकावरून टंकलेले रूप शोधले, तर पायथन ‘नाही’ म्हणेल आणि आपण पडद्याकडे पाहत राहू. युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे, जी र खाली नुक्ता देऊन केलेल्या रूपाचे ऱ मध्ये रूपांतर करते. पण जॉइनर घालून केलेले रूप तिच्या कक्षेत येत नाही. ‘ॲप’ या शब्दाचेही तेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि आजही अनेक जण तसेच टंकतात. ही दोन रूपे युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत, म्हणून नॉर्मलायझेशननेही ती एक होत नाहीत. मराठी नावांच्या याद्यांवर काम करायचे असेल, तर शोधाआधी यादी आणि शोधायचा शब्द या दोहोंवर एकच संस्कार करणारे छोटे फंक्शन स्वतः लिहून ठेवावे लागते, आणि त्यातच ‘दादर’च्या पुढे चिकटून आलेली रिकामी जागाही काढून टाकावी, कारण एक्सेलमधून आणलेल्या मजकुरात ती असतेच असते.

एकेक घटक ताडत जाण्याच्या पद्धतीला रेषीय शोध म्हणतात. एकोणीस स्थानकांसाठी तिचा खर्च नगण्य आहे. यादीत दहा लाख घटक असतील आणि शोधलेली वस्तू कोठेही असण्याची शक्यता सारखी असेल, तर सरासरी पाच लाख तुलना होतील. एका शोधासाठी तेही आजच्या संगणकाला जड नाही. जड जाते ते लूपच्या आत लपलेले इंडेक्स. एक लाख पावत्या आहेत आणि प्रत्येक पावतीसाठी एक लाख सदस्यांच्या यादीत स्थान शोधायचे आहे असे समजा. प्रत्येक शोधाला सरासरी पन्नास हजार तुलना धरल्या तरी एकूण ५०० कोटी तुलना होतात. अशा वेळी यादीतून एकदाच फिरून प्रत्येक मूल्यापुढे त्याचे स्थान लिहिलेली डिक्शनरी तयार करावी. डिक्शनरी मूल्यावरून एक आकडा काढते आणि त्या आकड्यावरून थेट योग्य कप्प्यापाशी जाते, त्यामुळे यादी कितीही वाढली तरी एका शोधाचा सरासरी खर्च जवळपास तेवढाच राहतो. एक सावधगिरी मात्र हवी. डिक्शनरी भरताना तेच मूल्य पुन्हा आले तर जुने स्थान पुसून नवे लिहिले जाते, म्हणजे इंडेक्स पहिल्या जोशींचे स्थान देतो तर अशी डिक्शनरी शेवटच्या जोशींचे. सदस्यत्व क्रमांकासारखे पुन्हा न येणारे मूल्य शोधासाठी वापरणे हा यावरचा खरा उपाय.

यादी आधीच क्रमवार लावलेली असेल तर आणखी एक मार्ग खुला होतो, ज्याला द्विभाजन शोध किंवा बायनरी सर्च म्हणतात. शब्दकोश उघडताना आपण मधले पान उघडतो आणि हवा तो शब्द अलीकडे आहे की पलीकडे हे पाहून अर्धा कोश बाजूला ठेवतो. हेच पुन्हा पुन्हा करत जायचे. दहा लाख घटकांच्या यादीत फार तर वीस पायऱ्यांत निकाल लागतो, कारण दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ आहे. कल्पना इतकी सोपी असूनही ती बिनचूक लिहिणे भल्याभल्यांना जमलेले नाही. संगणकाच्या आद्य रचनाकारांपैकी एक असलेल्या जॉन मॉक्ली यांनी १९४६ मध्ये या पद्धतीचा उल्लेख केला, पण कोणत्याही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारी तिची आवृत्ती छापून यायला त्यानंतर दहाहून अधिक वर्षे जावी लागली. जावाच्या अधिकृत लायब्ररीतील, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहातील, द्विभाजन शोध लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच जाहीर केले की त्यांच्या त्या फंक्शनमध्ये एक चूक सुमारे नऊ वर्षे दडून होती. मधले स्थान काढण्यासाठी खालचा आणि वरचा इंडेक्स यांची बेरीज करून तिला दोनाने भागले जात होते. जावाचा साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. अ‍ॅरेमध्ये शंभर कोटींहून अधिक घटक असले की ती बेरीज ही मर्यादा ओलांडून उणे होऊ शकत होती, आणि उणे इंडेक्स हाती आल्यावर प्रोग्रॅम कोसळत होता. दोन्ही इंडेक्सांमधला फरक निम्मा करून तो खालच्या इंडेक्समध्ये मिळवला की ही अडचण राहत नाही.

त्याच फंक्शनमध्ये ‘सापडले नाही’ हे सांगण्याची एक देखणी युक्ती आहे. शोधलेले मूल्य नसेल तर ते क्रम न मोडता कोठे बसवता येईल ते स्थान उणे करून, त्यातून आणखी एक वजा करून परत दिले जाते. वजा एक कशासाठी? बसवण्याची जागा शून्य असेल तर उणे शून्य आणि शून्य यांत फरक उरत नाही, आणि ‘पहिल्याच जागी सापडले’ असा गैरसमज होतो, म्हणून.

द्विभाजन शोधाची एकच अट आहे, की यादी ज्या नियमाने लावली त्याच नियमाने शोधावी, आणि मराठीत ही अट सहज मोडते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, तर युनिकोडच्या क्रमात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. कोशाच्या क्रमाने लावलेली कवच, कहर, कळस ही यादी घ्या आणि पायथनच्या बायसेक्ट या मॉड्यूलने तिच्यात कळस शोधा. बायसेक्ट मधल्या ‘कहर’शी तुलना करते, युनिकोडनुसार ‘कळस’ त्याच्या अलीकडचा ठरवते, मग ‘कवच’च्याही अलीकडचा ठरवते आणि तो यादीच्या अगदी तोंडाशी बसावा असे शून्य हे स्थान देते, तेथे प्रत्यक्षात ‘कवच’ बसलेला असल्यामुळे ‘कळस’ यादीतच नाही, असा निष्कर्ष आपण काढतो. एक्सेलच्या मॅचमध्येही हीच गोम आहे : तिसरा आर्ग्युमेंट, म्हणजे शोधाचा प्रकार सांगणारे मूल्य, दिला नाही तर ते यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरते आणि तशी ती नसली तर चुकीचा आकडा बिनदिक्कत देते. अचूक शोधासाठी तेथे ० लिहावा लागतो.

सापडलेले स्थान यादी बदलेपर्यंतच खरे असते. लूपमध्ये फिरतानाच कदम, जोशी, जोशी, शेख या यादीतून प्रत्येक जोशी काढून टाकायला सांगितले, तर पहिला जोशी गेल्यावर दुसरा त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र पुढच्या जागेवर जातो, आणि दुसरा जोशी यादीत तसाच राहतो. स्थाने आधी गोळा करून काढायचे असेल तर शेवटाकडून तोंडाकडे यावे, म्हणजे उरलेली स्थाने ढळत नाहीत. जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मधले राम मंदिर स्थानक डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले. त्याआधी कोणी आपल्या प्रोग्रॅममध्ये गोरेगावसाठी १७ हा आकडा लिहून ठेवला असेल, तर नवी यादी भरल्यावर तोच प्रोग्रॅम गोरेगावच्या प्रवाशाचे तिकीट राम मंदिरपर्यंतच काढून देईल.